एकास बारा

दिवसा मी दात करतो.
जालन्यातले कितीतरी म्हातारे माझ्या दातांनी
ज्वारीची भाकरी चावतात
आणि मला ओळखत नाहीत.
ओळखतात ते डॉक्टरला.
माझं काम मागच्या खोलीत: मेण, प्लास्टर,
गुलाबी हिरड्या,
आणि पिवळ्याच्या सोळा छटांची एक पट्टी.

रात्री साडेनऊनंतर त्याच टेबलावर मोटारसायकल.
शर्यतीची. एकास बारा.
उभी केली तर वीतभरही भरत नाही.
दोनशे सहा तुकडे सांगाड्याला लटकलेले,
वालाच्या वेलाला शेंगा असाव्यात तसे.
एकेक खुडायचा, डेख कानशीनं घासायचा.
टाकी खारकेएवढी.
पाय ठेवायची खुंटी जिऱ्याएवढी;
ती एकदा फरशीवर पडली
तर शैला आणि मी दोन तास गुडघ्यांवर.
सापडली तेव्हा तिनं विचारलं,
हे जिरंच नाही ना?

मे महिन्यात रंग हवेतच वाळतो.
नळीतून निघताना लाल,
टाकीवर पोचेपर्यंत भुकटी.
म्हणून पहाटे चारला उठायचं,
पातळ हात मारायचा, वर परात उपडी घालायची,
नाहीतर भट्ट्यांची काजळी येऊन बसते
ओल्या लालवर,
चेहऱ्यावर तीळ उठावेत तशी.
सात वाजता शैला दारात उभी:
कणीक कशात मळू?

जो येतो तो विचारतो, किती देते?
मेव्हण्यानं विचारलं. दूधवाल्यानं विचारलं.
डॉक्टरांनीसुद्धा.
समोरच्या इलियास मिस्त्रीनं नाही विचारलं.
त्यानं दुकानातले हात पँटला पुसले,
उचलली, कुशीवर वळवली,
चेन करंगळीच्या नखानं दाबली.
"इतकी ताठ नसती. बोटभर झोल पाहिजे."

बोटाला बारानं भागलं.
मेणाची सुरी दिव्यावर धरली
आणि प्लास्टिकच्या चेनला
दोन केसांएवढा झोल दिला.

नंबरांचे कागद पाण्यात सोडायचे असतात.
नळाला अकरावा दिवस;
बशीत मोजून दोन चमचे घेतले.
कागद जुना.
पापड दुधात पडावा तसा विरघळला,
आकड्यांचे तुकडे तरंगत राहिले.
पाणी कोरफडीला घातलं.
गाडी बिननंबराची.

तेव्हा आठवलं:
ब्याण्णव साल, अंबड रोडच्या पलीकडचं माळरान,
चुन्यानं आखलेला रस्ता,
डालड्याच्या डब्याच्या पत्र्यावर सत्तावीस.
तिसऱ्या वळणापर्यंत तो पुढे होता.
मग नुसती धूळ,
आणि धुळीतून चालत आलेला इलियास, तोंडावर रुमाल.
पुढचे दोन दात तिथंच कुठंतरी आहेत अजून.
पंधरा वर्षं त्या खिडकीतून हसला.
मग ते मी केले.
पैसे देत होता, घेतले नाहीत,
तर महिनाभर माझ्या स्कूटरला
न सांगता तेल घालत राहिला.

एका केसाच्या कुंचल्यानं सत्तावीस लिहिला.
पांढरा नाही घेतला.
पट्टी काढली, त्याच्या दातांची छटा शोधली,
ए-थ्री,
तसा कालवला.
सातची शेपटी काढताना श्वास धरून होतो,
आणि गल्लीतून बोअरची गाडी गेली.
मग उजव्या बाजूला बारीक पॉलिशपेपरनं
चार ओरखडे.

शटर अर्धं ओढून आला.
ट्यूबलाइटखाली धरून उभा राहिला.
बराच वेळ.
"सात वाकडाय."
मग ओरखड्यांवरून नख फिरवलं.
"डावीकडं पडलो होतो मी."

मी पॉलिशपेपर शोधायला लागलो.
त्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला.
"राहू दे. डावीकडनं नको पाडू हिला."

जाता जाता परत वळला, चेन दाबून पाहिली.
झोल बरोबर होता.